देवाचा डावा पाय

स्टुडिओत त्यांना सगळे चपलामास्तर म्हणत, आणि त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. जो माणूस रोज सकाळी साडेनऊला जुन्या चपलांचं पोतं खांद्यावर टाकून कामाला येतो, त्याला दुसरं काय म्हणणार? पोत्यात पोलिसाचे बूट असत, खलनायकाचे नाल मारलेले बूट असत, नर्सचे कॅनव्हासचे असत, नाचणारीच्या उंच टाचा असत, आणि एका प्रेमळ सासऱ्याच्या सपाताही असत. या सगळ्यांत जाणारे पाय मात्र एकाच माणसाचे. नऊ नंबरचे, फताडे, आणि अंगठ्याला कायमची पट्टी बांधलेले.

काम असं होतं. सिनेमात माणूस चालताना दिसतो, तेव्हा त्याच्या पावलांचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो, तो बहुतेक वेळा त्याचा नसतोच. चित्रीकरणाच्या गोंधळात पावलं कुठली ऐकू यायला? म्हणून नंतर एका बंद खोलीत, पडद्यावर चित्र लावून, दुसरंच कुणीतरी बरोब्बर तसं चालतं. हा दुसराच कुणीतरी म्हणजे मास्तर. खोलीच्या जमिनीचे चौकोन पाडलेले होते. एकात फरशी, एकात लाकूड, एकात वाळू, एकात खडी. कोपऱ्यात लाकडी जिना होता, त्याला पायऱ्या चारच. नायक सहा मजले धावत उतरला तर मास्तर त्या चार उतरायचे, परत वर जायचे, पुन्हा त्याच चार उतरायचे. मधला वर जाण्याचा आवाज नंतर कापून टाकत. एकतीस वर्षं मास्तरांनी किल्ले चढले, दीपस्तंभ चढले, एकदा तर फासाच्या तख्तावरही चढले. पण चौथ्या पायरीच्या वर म्हणून कधी गेले नाहीत. पगाराच्या बाबतीतही साधारण तसंच, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

पावलांखेरीज इतर किरकोळ कामंही त्यांच्याकडेच होती. पक्षी उडवायचा तर छत्री फडफडवायची. बर्फातून चालायचं तर कापडी पिशवीत मक्याचं पीठ भरून ती मुठीनं दाबायची. हाडं मोडायची तर मुळा. त्यामुळे बाजारात मास्तर आले की भाजीवाली कपाळाला हात लावायची.

"मास्तर, भाजी बघून घेतात. वाजवून नाही."

"आज मारामारी आहे मावशी. तीन बरगड्या आणि एक मनगट द्या. कोवळं नको, खलनायक पन्नाशीचा आहे."

कानाची अशी सवय लागली की माणूस तोंडं विसरतो आणि पाय लक्षात ठेवतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मोठ्या माणसाचे जिन्यात ऐकू येतात. बिछान्यात पडल्या पडल्या मास्तर सांगत, "दूधवाला आला. आज सासुरवाडीला जाणार दिसतोय, नवे बूट चावताहेत." किंवा, "वरच्या मजल्यावरचे दोघं पुन्हा भांडलेत. ती पुढे उतरली, तो एक मजला मागे ठेवून उतरतोय."

या सगळ्या पायांमध्ये एक चाल अशी होती, जिच्याकडे त्यांनी कधी मुद्दाम कान दिला नव्हता. ती घरातलीच होती.

त्यांच्या बायकोला इमारतीत सगळे काकू म्हणत. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे काकूंचा डावा पाय दोन बोटं तोकडा राहिला होता. उजवं पाऊल ठाम पडे, डावं मागून घासत येई. टप्, सर्र. टप्, सर्र. आणि उंबरठा आला की एक क्षण थांबणं. घोड्याला समजवावं तसं त्या डाव्या पायाला समजवत आणि मग तो उचलून आत घेत. एकतीस वर्षं हा आवाज घरात होता; जसा घरात नळ असतो, पंखा असतो.

काकू देवभक्त होत्या, पण त्यांचा देव भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्यासारखा होता. भांडी घासताना त्या त्याच्याशी बोलत. "हे बघ, लेकीच्या सासूचा स्वभाव मी बदलायला सांगत नाही, तेवढं तुलाही जमायचं नाही. पण आज रविवार आहे, आज तरी तिला गप्प बसव." पायाचं गाऱ्हाणं रोजचंच. मास्तरांचं देवाशी भांडण वगैरे नव्हतं, ओळखच नव्हती.

"ओळख करून देऊ का?" काकू विचारत.

"नको. आधीच घरात येणंजाणं फार आहे."

आणि अशा माणसाच्या नशिबी तो सिनेमा आला.

सिनेमा होता गमतीचा, हलकाफुलका. एक घड्याळ दुरुस्त करणारा साधा माणूस. त्याच्या डोक्यावरच्या खोलीत देव भाडेकरू म्हणून राहायला येतो. देव पडद्यावर एकदाही दिसत नाही. फक्त छतावर त्याची पावलं वाजतात. गल्लीतले लोक वर दर्शनाला रांग लावतात, आणि हा एकटा घड्याळवाला काही विश्वास ठेवत नाही. तो झाडूच्या दांड्यानं छत ठोकत ओरडतो, "ओ भाडेकरू, हळू चाला! इथे बारीक काम चाललंय!"

दिग्दर्शक अंगानं काडी होता आणि सारखी पेन्सिल चावत असे. तो म्हणाला, "मास्तर, या सिनेमात नायक दुसऱ्या नंबरला. पहिली भूमिका तुमची. मला देवाची पावलं हवीत."

मास्तरांनी पोतं उपडं केलं. पहिल्यांदा जड, संथ चालून दाखवलं.

"हा घरमालक झाला," दिग्दर्शक म्हणाला.

मग अनवाणी, अलगद.

"हा चोर."

मग मोजून मापून, ऐटीत.

"हा बँकेचा मॅनेजर. जेवण झाल्यानंतरचा."

अकराव्या चालीला काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. हा जाडजूड माणूस मास्तरांचा वीस वर्षांचा सोबती होता आणि त्याच्या जिभेला कधी हाड नव्हतं. "मास्तर, राग मानू नका, पण या देवाचं पोट साफ होत नसावं."

"मग तू चालून दाखव."

"मी चाललो तर सृष्टीचा अंत होईल. ते शेवटच्या रिळाला ठेवू."

दिग्दर्शकानं पेन्सिल तोंडातून काढली. "मास्तर, तो मोठा आहे हे ऐकूच येऊ नये. तो कुणाकडे तरी काहीतरी घेऊन निघालाय. हातातलं सांडू नये, कुणाची झोप मोडू नये, आणि पोचायचं तर आहेच. असं काहीतरी."

"असं कोण चालतं?" मास्तर वैतागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर चहा घेऊन आलं. लेक माहेरपणाला आली होती आणि बाहेरच्या खोलीत झोपली होती. काकू दोन हातांत दोन कप घेऊन, लेकीची झोप मोडू नये म्हणून पाऊल दाबत, स्वयंपाकघरातून निघाल्या. टप्... सर्र. टप्... सर्र. उंबरठ्यापाशी थांबल्या. आत आल्या.

मास्तर ताडकन उठून बसले. "अगं, परत जा!"

"काय?"

"स्वयंपाकघरात परत जा आणि पुन्हा ये."

"सकाळी सकाळी ही काय कवायत? चहा गार होईल."

"जा गं, एकदाच."

काकू गेल्या आणि आल्या. पण कुणी ऐकतंय म्हटल्यावर त्या ताठ चालल्या, लग्नाच्या मांडवात चालतात तशा. सांगून चालवलं की चाल खोटी होते, हे मास्तरांना जन्माचं माहीत होतं. म्हणून घरी रेकॉर्डिंगचं यंत्र आणून ती चाल टिपावी, असं त्यांच्या मनात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर गरजच काय होती? डोक्यात पक्की बसली होती, पेटीत कशाला भरायची? गावभरच्या पायांचे आवाज कपाटात डबे भरभरून ठेवलेला माणूस. बायकोचा एक डबा भरावा असं त्याला सुचलं नाही.

त्यांनी केलं ते एवढंच. काकूंच्या जुन्या करड्या सपाता उचलल्या आणि पोत्यात टाकल्या.

स्टुडिओत त्या सपातांतून मास्तरांच्या टाचा दोन बोटं मागे लोंबत होत्या, आणि त्यामुळे घासण्याचा आवाज आणखी खरा आला. हातात पाणी भरलेले दोन कप घेऊन ते चालले. चौथ्या पावलानंतर दिग्दर्शक उभा राहिला. रेकॉर्डिस्टनं कानावरचं यंत्र हातांनी घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

"हेच," दिग्दर्शक म्हणाला. "कुठे ऐकलंत?"

"ऐकलं कुठेतरी," मास्तर म्हणाले.

पुढचे बारा दिवस देव काकूंच्या सपाता घालून फिरला. तिकडे घरी काकूंनी सपातांसाठी पलंगाखालचं सामान उपसलं. कुत्र्यानं नेल्या असतील म्हणून खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला दोन शब्द सुनावले. शेवटी प्रकरण वर गेलं. भांडी घासताना मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "ज्यानं नेल्या त्याचं वाईट नको करूस. पण एक काटा त्याच्या पायात रुतव. लहानसा."

त्याच दुपारी लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मास्तरांच्या टाचेत खिळा गेला.

त्यांनी नव्या सपाता आणून दिल्या, त्या चावल्या. तेराव्या दिवशी जुन्या सपाता पलंगाखाली मूळ जागी प्रकट झाल्या तेव्हा काकूंनी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं. "बघा! सांगितलं की ऐकतो तो."

"ऐकतो खरा," लंगडत लंगडत मास्तर म्हणाले.

सांगायला काय हरकत होती? पण मास्तरांनी मनात एक बेत केला होता. सिनेमा लागला की काकूंना चांगल्या खुर्चीवर बसवायचं, अंधार होऊ द्यायचा, छतावर पहिलं पाऊल वाजलं की कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, अगं, ही तू आहेस. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांनी चाललेल्या माणसाला बायकोला देण्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं, आणि ते त्यांना घाईघाईत, भाजी निवडता निवडता द्यायचं नव्हतं. वाक्य त्यांनी घोळवून घोळवून गुळगुळीत करून ठेवलं.

सिनेमा मात्र लागेना. आज संगीत राहिलंय, उद्या पडदे मिळत नाहीत, असं करत महिने गेले. आणि त्या महिन्यांत काकूंच्या पोटातलं दुखणं निघालं.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट यायचा त्या दिवशी मास्तर आणि लेक दवाखान्याच्या बाकावर बसले होते. हे डॉक्टर एरवी दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारे. त्या दिवशी ते एक-एक पायरी चढले. वळणापाशी थांबले. दाराजवळ येताना पावलं आखूड झाली.

"चांगलं नाहीये," मास्तर लेकीला म्हणाले.

"बाबा, अजून डॉक्टर आलेसुद्धा नाहीत."

"आले," मास्तर म्हणाले.

घरातली पावलं कमी होत गेली. आधी बाजार सुटला, मग जिना सुटला. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा जोड्या पावलं होती. तिथे मध्ये खुर्ची आली, तेव्हा पाच झाली. मग एका सोमवारी काकू उठल्याच नाहीत. सपाता पलंगाखाली शेजारी शेजारी राहिल्या. मास्तरांना घर कसं वाटायचं, तर चित्र पडद्यावर आहे आणि आवाजाची पट्टी निघून गेलीय. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरलाय, आणि तोही त्यांनी केलेली नक्कल म्हणून.

ते दिग्दर्शकाकडे गेले. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "सिनेमा लागेल तेव्हा लागेल. मला तो एकदा घरच्या माणसाला दाखवायचाय. लवकर."

दिग्दर्शकानं कारण विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी स्टुडिओची छोटी खोली रिकामी ठेवली. मास्तर आणि रेकॉर्डिस्ट यांनी काकूंना खुर्चीसकट दोन मजले खाली उतरवलं.

"जपून हो, घाम आलाय तुम्हाला," काकू रेकॉर्डिस्टला म्हणाल्या.

"वहिनी, पिसासारख्या हलक्या आहात."

"तेच म्हणतेय मी. घाम येण्यासारखं काही उरलेलं नाही. उगाच मोठेपणा घेऊ नका."

खोलीत अंधार झाला. पडद्यावर घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला. काकूंच्या गुडघ्यांवर शाल होती, शालीवर मास्तरांचा हात होता. मास्तर कानाशी वाकले. छतावर पहिलं पाऊल वाजलं. टप्, सर्र. वाक्य ओठांवर आलं.

"अहो!" काकूंनीच त्यांची बाही ओढली. "त्याचा डावा पाय दुखतोय!"

मास्तर थांबले.

टप्, सर्र. काकू मान वाकडी करून ऐकत राहिल्या. आपली चाल आपल्याला ऐकू येत नसते; ती दुसऱ्यांसाठी असते. "खरंच दुखतोय हो," त्या कुजबुजल्या. "आणि मी इतकी वर्षं त्यालाच सांगत बसले, पाय बरा कर, पाय बरा कर म्हणून. तो गप्प. मला वाटायचं लक्ष नाही माझ्याकडे. आता कळलं. त्याचा त्यालाच बरा करता येत नाहीये, बिचाऱ्याला. वर सांगायची लाज वाटली असेल."

पडद्यावर घड्याळवाल्यानं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. काकू खुदकन हसल्या. मग थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं बाई कळलं. मला भीती वाटत होती. सगळं धड असलेल्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं म्हणजे... आता नाही वाटत."

सात महिने गुळगुळीत केलेलं वाक्य मास्तरांनी गिळलं. घशाखाली उतरायला त्याला पूर्ण दोन रिळं लागली.

शेवटच्या प्रसंगात देव खोली सोडून निघतो. जिना उतरता उतरता घड्याळवाल्याच्या दारापाशी थांबतो. भाडेकरू भांडायला आला, या भीतीनं घड्याळवाला पलंगाखाली शिरतो. देव क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. काकूंना ते मुळीच आवडलं नाही.

"दार उघडायला हवं होतं मेल्यानं. दाराशी आलेल्याला पाणी तरी विचारावं! आणि पाय दुखणाऱ्या माणसाला उभं ठेवलं!"

घरी पलंगावर टेकवल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हीच चाललात ना ते?"

"मीच."

"पाय दुखतो त्याचा, हे कसं सुचलं तुम्हाला?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. लहान मुलाला खोटं बोलता येत नाही तेव्हा ते असंच पाहतं. "सुचलं आपलं."

"सुचलं म्हणजे त्यानंच सांगितलं," काकू समाधानानं म्हणाल्या. "आणि म्हणे ओळख नाही!"

त्या दिवसापासून त्यांचं गाऱ्हाणं बंद झालं. उलट त्याच चौकशी करू लागल्या. "आज थंडी आहे. तुझाही ठणकत असेल." मास्तर दाराआडून ऐकत आणि चपलांच्या पोत्यापाशी जाऊन उगाच काहीतरी आवरत बसत. सांगावं का? सांगितलं तर तिचा सोबती काढून घेतल्यासारखं. न सांगावं तर जिच्यासाठी एवढं केलं तिला ते कधीच मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून ते रोज रात्रीचं जेवण अर्धं टाकत.

अशातच ती दुपार आली. लेक औषधं आणायला गेली होती. काकू सकाळपासून अर्धवट झोपेत होत्या. तीनच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले.

"बाहेर कोणी आहे का हो?"

"नाही गं."

"यायला हवं होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्या घड्याळवाल्याकडे येतो, ज्याचा विश्वाससुद्धा नाही. माझ्याकडे येईल असं वाटलं होतं."

त्या तक्रार करत नव्हत्या. ज्याची वाट पाहिली त्याला काहीतरी अडचण आली असेल, अशा समजुतीच्या सुरात बोलत होत्या. मास्तरांना ते सहन झालं नाही. ते वाकले, पलंगाखालच्या सपाता हातात घेतल्या आणि दाराबाहेर गेले.

व्हरांडा लांबलचक होता. टोकाला एक वाळत घातलेली चादर, आणि कुठल्याशा घरातून शिवणयंत्राचा आवाज. मास्तर पार जिन्यापर्यंत गेले. सपातांत पाय घातले. टाचा मागे लोंबल्या. समोर पडदा नव्हता, काचेपलीकडे कुणी नव्हतं, चुकलं तर पुन्हा करायची सोय नव्हती. 

ते चालू लागले. टप्, सर्र. टप्, सर्र. मधे एक पाऊल चुकलं, कारण त्यांना जमीन नीट दिसत नव्हती. ते उंबरठ्यापाशी आले. थांबले. डावा पाय समजावून उचलला आणि आत ठेवला.

काकूंचे डोळे मिटलेले होते. पाहुणा दारात आल्यावर घर आवरावं, तसं काहीतरी चेहऱ्यावर घाईघाईत आलं. "आले वाटतं," त्या म्हणाल्या. "बसायला द्या. उभं ठेवू नका, पाय दुखतो त्यांचा."

मास्तरांनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून पलंगाजवळ ठेवलं.

"बसले?"

"बसले."

"चहा विचारा."

"विचारला. नको म्हणतात."

"नको काय? लांबून आलेत. अर्धा कप टाका."

मास्तर स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं, साखर टाकली, मग टाकली की नाही आठवेना म्हणून पुन्हा टाकली. दोन कप भरले. कप काठोकाठ भरले होते आणि सांडायचं तर नव्हतं, म्हणून ते पाऊल दाबत, हळू हळू निघाले. निम्म्या वाटेत त्यांच्या कानावर स्वतःचे पाय आले. सपाता काढायच्या राहून गेल्या होत्या. टप्... सर्र. टप्... सर्र. कुणीतरी सकाळचा चहा घेऊन येत होतं.

उंबरठ्यापाशी थांबून त्यांनी आत पाहिलं. काकूंची मान स्टुलाकडे वळलेली होती. काही सांगता सांगता थांबावं तशा त्या थांबल्या होत्या.

मास्तरांनी एक कप स्टुलावर ठेवला. दुसरा हातात धरून ते उभे राहिले. लेक औषधं घेऊन आली तेव्हा ते तसेच उभे होते, आणि बसायला म्हणून ते स्टूल तिनं ओढलं तर एकदम म्हणाले, "ते नको. ते राहू दे."

सिनेमा त्यानंतर तीन महिन्यांनी लागला. मास्तर जाणार नव्हते. लेक ऐकेना. "बाबा, आई मला फोनवर दहा वेळा सांगत होती, देवाची पावलं तुझ्या बाबांनी केलीत म्हणून. चला."

दुपारचा खेळ, गर्दी चांगली. लोक पहिल्या मिनिटापासून हसत होते. घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं. छतावर पहिलं पाऊल वाजलं.

लेकीचा हात मास्तरांच्या मनगटावर आला आणि तिथेच घट्ट झाला.

"बाबा... ही आई आहे."

"हो."

ती पुढची दोन पावलं ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"तिला आवडला होता गं तो," मास्तर म्हणाले. "त्याची ओळख अशी झाली होती की... मी मधे कशाला पडू?"

मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "देव काय लंगडा दाखवलाय राव!" आणि दोघं हसले. लेक मागे वळणार, तेवढ्यात मास्तरांनी तिला खाली दाबलं. "हसू दे. सिनेमा विनोदी आहे."

शेवटचा प्रसंग आला. देव निघाला. दारापाशी थांबला. हे थांबणं रेकॉर्डिंगच्या वेळी मास्तरांनी गरजेपेक्षा जास्त लांबवलं होतं. दिग्दर्शक कापू म्हणाला, पण त्यांनी कापू दिलं नव्हतं. पडद्यावर घड्याळवाला घाबरून पलंगाखाली शिरला, त्याचा एक पाय बाहेर राहिला, आणि सगळं थिएटर असं हसलं की ते थांबणं कुणाच्या कानावरच पडलं नाही. मास्तरांच्या पडलं. ते खुर्चीत अर्धे उठले.

"ये ना आत," ते म्हणाले.

पावलं वळली आणि जिना उतरू लागली. टप्, सर्र. लोकांना तो चार मजल्यांचा जिना वाटत होता. मास्तरांना पायरी न् पायरी ओळखीची होती. तिसरीवर खिळा होता. चार उतरायच्या, परत वर यायचं, पुन्हा त्याच चार उतरायच्या. ती किती वेळा तरी परत वर आली होती. पण परत येण्याचे आवाज कापून टाकतात.